डाव्या खांद्याचं माप

मृण्मयी बागूल म्हणाली, वजन कमी करा.
मी विचारलं, कुणाचं?
ती हसली नाही. दुखरी जागा बोटाखाली असताना
फिजिओथेरपिस्ट हसत नाहीत.

साडेचार किलो.
तेवढी भाजी मी दोन हातांत वाटून घेते.
बेस गिटारचं सगळं ओझं मात्र एका खांद्यावर,
संध्याकाळी सातपासून नवरी रडेपर्यंत.
हल्ली नवऱ्या रडत नाहीत,
म्हणून कार्यक्रम लांबतो.

त्याच खांद्यावर पर्सचा बंद,
त्याखाली आतला पट्टा, आणि त्याखाली त्याचा वळ,
तीस वर्षांचा, आता अंगाचाच झालेला.
गिटारबरोबर फुकट आलेली नायलॉनची पट्टी
बरोब्बर त्या वळात जाऊन बसायची,
रिझर्वेशन असल्यासारखी.

कॉलेज रोडच्या दुकानात पोराने
काउंटरवर पट्टे पसरले.
एक रबरी, ताणणारा. गळ्यात घातला,
तर प्रत्येक ठेक्याला गिटार वरखाली.
एक गुळगुळीत, त्यावर कवट्या.
डावा हात सोडला आणि गिटारची मान
जमिनीकडे गेली, कीर्तनात पेंगलेल्या माणसासारखी.
एक दोन्ही खांद्यांचा, दप्तरासारखा.
आरशात पन्नाशीची बाई,
शाळेला उशीर झालेली.

"आंटी, हा घ्या ना, सगळे हाच घेतात."
सगळ्यांचं कुठे दुखतं, ते काही त्याला ठाऊक नव्हतं.

विन्सेंट पाटोळे, आमचा ड्रमर, बसून वाजवतो,
त्यामुळे सल्ले द्यायला मोकळा.
तरी दहीपुलाजवळचा पत्ता त्यानेच दिला.

निवृत्ती अहिरे ढोलांचे पट्टे शिवतात.
गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते.
मी गेले पौषात. लग्नं बंद, मी रिकामी,
तेही रिकामे, बशीत चहा ओतत.
गिटारकडे त्यांनी पाहिलंच नाही.
म्हणाले, उभ्या राहा. श्वास सोडा.
मी सोडला, तसा खांदा खाली आला,
कानाशी जाऊन बसला होता हे तेव्हा कळलं.
सुतळीने माप घेतलं, गाठ मारली,
मग विचारलं, झोपता कुठल्या कुशीवर?

त्यांचे वडील टांग्याच्या घोड्यांचा साज करायचे.
घोडा काही सांगत नाही,
म्हणून त्याचे केस बघायचे,
कुठे झडलेत, कुठे पांढरे उगवलेत.
तिथून पट्टा दोन बोटं बाजूला.
"आणि बैलाचे खांदे
पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळदीने मळतात.
तुमचे कोण मळतं?"
मी म्हटलं, मलम आहे.
पंचाण्णव रुपयांचं.

चार इंच रुंद. मधे नमदा.
अंगाकडे कातड्याची खरबरीत बाजू,
म्हणजे सरकणार नाही, मान पडणार नाही.
गळ्यापाशी थोडी बाकदार कात्री,
तेवढ्यासाठी त्यांनी चष्मा बदलला.
नऊशे रुपये. घासाघीस करायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात म्हणाले, आठ दिवस बोचेल,
मग ओळखायला लागेल.

माघातलं पहिलं लग्न. गंगापूर रोड, लॉनवर दव.
अत्तरांच्या गर्दीत नव्या कातड्याचा वास
जनावरासारखा उभा.
बेस कुणालाच ऐकू येत नाही.
थांबला, तर लोक जनरेटरकडे पाहतात.
तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मी दोन्ही हात सोडले.
मान होती तिथेच राहिली, गिटारची.
माझी मी मागे वळवून बघितली, वळली,
तर विन्सेंट काठी उंचावून विचारत होता,
काय?

सकाळी दुखणं होतंच.
पण जुन्या वळात नव्हतं.
दोन बोटं बाजूला सरकून
अनोळखी जागी अवघडून बसलेलं.
मी कूस बदलून पाहिली.