नेटवर्क विसरायचे?

गणपती पेठेतल्या दुकानातून घेतला, साडेअकरा हजारांना.
पट्टा घामानं काळा पडलेला, लेन्स मात्र लख्ख,
कुणीतरी जपून पुसलेली.
दुकानदार म्हणाला, एकाच हातचा आहे.
कुणाच्या, ते मी विचारलं नाही.

मी अडतीवर वजनं लिहितो.
हळदीच्या सौद्यात सकाळ जाते,
दोनदा तोंड धुतलं तरी रुमाल पिवळा.
रविवारी कॅमेरा.

त्याच्या मेन्यूत वायफाय होतं, चालूच.
म्हटलं असू दे, घरी गेल्यावर मोबाईलला जोडू,
आणि विसरलो,
जिन्यातला दिवा विसरतो तसा.

शंभर फुटी रस्त्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत
पेरूवरचा पोपट बघून थांबलो
आणि हातातल्या हातात कॅमेऱ्यानं घर ओळखलं.

मी नव्हतं ओळखलं. त्यानं ओळखलं.
कोपऱ्यातली लुकलुकती खूण स्थिर झाली,
गाय आपणहून दावणीला येऊन उभी राहते तशी.
‘चौगुले घर’. पासवर्डच्या जागी आठ ठिपके,
जे मी कधी टाकले नव्हते.
खाली बारीक अक्षरांत:
पाठवत आहे. सातपैकी एक.

सातपैकी दोन.

काय पाठवतोय? कुणाला?
बटणं दाबेपर्यंत
पोत्यावर झोपलेला हमाल गेला,
वजनकाट्यावर बसलेलं मांजर गेलं,
सलूनच्या आरशातला, कॅमेऱ्यामागे दडलेला
माझा अर्धा चेहराही गेला
परक्या घरात, चप्पल न काढता.

बंद केला तेव्हा सातही पोहोचले होते.
पळावं की बेल वाजवावी?
चोरी काही मी केली नव्हती,
पण दुसऱ्याच्या दाराची किल्ली
सव्वा महिना माझ्या गळ्यात लटकत होती,
हेही खोटं नव्हतं.

तेवढ्यात वरून आवाज आला,
“ओ, हळदीचे फोटो तुमचे काय?”
गॅलरीत बनियनवर एक म्हातारे,
चष्मा कपाळावर.
“मांजर झकास. तिसरा हललाय बगा.”

नेमगोंडा चौगुले, वीज मंडळातून निवृत्त.
चहा बशीत ओतला, थोडा बशीबाहेर.
“माझे तर सगळेच हलायला लागले,
म्हणून जावयाला म्हटलं, टाक विकून.”
आणि हात मांड्यांखाली दाबून बसले,
जणू तेच उठून बाजारात जातील.

मी चाचरत म्हटलं,
विकताना आतलं सगळं पुसायचं असतं, काका.
“चाळीस वर्षं लोकांच्या मीटरला सील मारलं,” ते म्हणाले,
“आणि स्वतःचं राहिलं की ओ.”

नवा पासवर्ड टाकताना म्हणाले,
“तिकडं तोंड करा.”
केलं. खिडकीत पेरू, पोपट उडालेला.
पाठीमागे एकेक अक्षर, बराच वेळ.
मध्ये एकदा “हात्तिच्या”,
मग पुन्हा पहिल्यापासून.

मग कॅमेरा मागितला.
पडद्यावर प्रश्न: नेटवर्क विसरायचे? हो. नाही.
अंगठा ‘नाही’वर पडला. परत मेन्यू.
पुन्हा ‘नाही’.
मी हात पुढे केला नाही.
तिसऱ्यांदा बसला.

“एवढ्यात विसरला?”
कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला,
बोटानं लेन्सवरचा नसलेला कण झटकला
आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला, स्वतःच.
“वायफाय लागेल तेव्हाच लावा. बॅटरी पण खातंय ते.”

गल्लीत पेरूखाली मुद्दाम थांबलो.
एकदाच, क्षणभर, चालू केलं.
खूण लुकलुकत राहिली.
शोधत आहे. शोधत आहे.
मीच बंद केली.