वरच्या ओळीत

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर आमचं पत्र्याचं ऑफिस.
दुपारी तीननंतर वास कीबोर्डच्या कळांना चिकटतो,
घरी जाऊन भात कालवला तरी बोटांना असतोच.

काम गेटवेचं.
दूध संघाचा म्हातारा संगणक एक्सएमएल ओकतो,
त्याची आम्ही पावती करतो, डेअरी-डेअरीला धाडतो,
मांगूर, कुन्नूर, भोज, माणकापूर.
कुणाला कन्नडात, कुणाला मराठीत,
कुणाला कशात हे माझी स्क्रिप्ट ठरवते.

आठ दिवस झाले, पावतीवर गावाचं नाव येत नाही.
लिटर येतात. फॅट येतं. रक्कम पैशापर्यंत येते.
गाव, पुढं दोन टिंबं,
आणि मग नुसता कागद.

लॉग काढून बघितला.
माझ्याकडं गाव आहे की!
ठसठशीत, अवतरणचिन्हांत बसलेलं.
दोन पावलं पुढं एक्सएसएलटीच्या उंबऱ्यात
ते गळतं.
लाल अक्षर नाही, कुरकुर नाही.
रिकामी जागा बिनबोभाट छापून येते.

शेजारच्या खुर्चीवरनं शिवलीला अंगडी म्हणाली,
"तू दिलंस गं, खरं त्यानं मागितलंय काय?"

आमच्यात खरं म्हणजे पण.
कोगनोळीचा नाका ओलांडून कागलात शिरलं
आणि पुढं पुण्याबिण्याला गेलं, की खरं म्हणजे खरं.
पहिल्या नोकरीत मी म्हटलेलं,
"येतो म्हणाले, खरं आले नाहीत,"
आणि मीटिंग संपेपर्यंत हसत होते सगळे.

त्याच नाक्यावर माझा बाप
लॉऱ्यांचे कागद भरून द्यायचा. पाटावर टेबल, टेबलावर दगड,
दगडाखाली फॉर्म.
ड्रायव्हर केबिनमधनंच ओरडायचे, किती गोण्या, कुणाचा माल.
बाप मान वर करायचा नाही.
"आत बसून सांगू नको. खिडकीशी ये.
चिठ्ठीवर जे आलं तेवढाच माल,
मागं डोंगर का असेना."

शिवलीलानं फाइल वर सरकवली, परत खाली, परत वर.
पॅरामीटर होता.
नाव बरोबर, वेलांटीसुद्धा बरोबर,
फक्त टेम्प्लेटच्या आत मांडलेला.
माजघरात हात पसरून बसलेला बिचारा,
आणि देणारा दारात उभा.

"म्याग हाक," ती म्हणाली. वर घाल.
मी ती ओळ उचलली,
सगळ्या टेम्प्लेटांच्या बाहेर, अगदी डोक्याशी ठेवली,
आणि गेटवेला एकदा स्पष्ट सांगितलं,
ह्या नावाला ते मूल्य.

माणकापूर.
आलं.
मग कन्नडात आलं, गोल गोल,
वखारीतल्या बायका घरी निघाल्या होत्या,
जिन्यात त्यांच्या चपला वाजत होत्या.

"आणि गाव आलंच नाही, तर मूळ किंमत काय घालायची?"
शिवलीला विचारत होती.
तिनं एक सुचवलं. मी दुसरं.
जिल्ह्याचं नाव घालावं, तर ते कसं लिहायचं
ह्यावर आमचा चहा गार झाला.

तेवढ्यात सातगोंडा मगदूमांचा फोन, डेअरीतनं.
"मॅडम, छापून यायलंय आता. बेस.
आठ दिवस मी बॉलपेननं घालत होतो गाव.
निम्म्यांना कन्नडात, निम्म्यांना आपल्यात,
तोंड बघून.
खरं ती गंगव्वा म्हणते, मला हातानं लिवलेलीच दे."

फोन ठेवला.
मूळ किंमत म्हणून मी
दोन अवतरणचिन्हं शेजारी शेजारी ठेवली, मध्ये काही नाही.
शिवलीलानं बघितलं, काही बोलली नाही.
सातगोंडांच्या पेनाला
तेवढी जागा पुरते.