डावीकडचा खळगा

फर्मिन तोंडात चुका धरून बोलतो,
म्हणजे बोलतच नाही.
घासाघीस करणारं गिऱ्हाईक आपोआप थकतं.
जिभेवरून एकेक चूक ओठांशी येते,
चुंबकी हातोडी ती टिपून घेते.

वाल्पाराइसोचा चढ चढून दोन पोरांनी आणली
दोन्या एल्सिराची खुर्ची.
हात काळवंडलेले, शिवण उसवलेली,
आतले घोड्याचे केस धुळीने जड.
"सगळं नवं करा," ती म्हणाली,
"तेवढा डावीकडचा खळगा राहू द्या.
तो तिरका बसायचा. बंदराकडे बघत."

भिंतीवरच्या दरपत्रकात
खळग्याचा दर नव्हता.

मी शिकाऊ. मला वाटलं, नाही म्हणेल.
चाळीस वर्षं बसलेल्या गाद्या उठवण्यात गेलेला माणूस.
त्याने केस पिंजले, उन्हात घातले,
पट्टे ताणले, सुतळी ओढली,
आणि डावीकडच्या तीन स्प्रिंगांशी थबकला.
तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या.
"इथं सैल बांध. अजून सैल.
आता बसून बघ."

बसलो. कललो.
खिडकीत एक क्रेन, तिच्याखाली लाल जहाज.

बिलात कापड लिहिलं, सुतळी, मजुरी,
आणि तळाशी, बारीक अक्षरात:
चूक, एक नग.
तिचे पैसे लावले नाहीत.