अंदाजे चौसष्ट

राइलीचा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले
आणि ओउलूत दिवस संपलेला.
"तुझी यादी उडी मारते," ती म्हणाली.
"गाडीत बसून आउनेची ओळ वाचत होते, हातमोजा दातात धरून,
आणि ती अंगठ्याखालून सरकली.
समोर आले एइनो आजोबांचे थेंब.
देणार होते आउनेला."
मग जरा थांबून, "दिले नाहीत. पण देणार होते."

माझ्या फोनवर काहीच उडत नव्हतं.
माझ्या फोनवर चाचणीपुरते चाळीस रुग्ण,
सगळ्यांची नोंद एकच: ठीक.
कवायतीतल्या मुलांसारखे सगळे एका उंचीचे.

खरी यादी उघडली.
कुणाचा एक शब्द, तोही अर्धवट.
आउनेच्या सोळा ओळी:
पाय सुजलाय, मांजर कालपासून दिसत नाही,
मुलगी तुर्कूहून येणार होती, सूप अर्धंच घेतलं,
मांजराचं पुन्हा विचारलं.
त्यात आमचे शब्द, एकाला एक बांधलेल्या घसरगाड्या,
कडेशी आल्या की तुटत नाहीत, अख्ख्या खाली उतरतात.
त्यात राइलीने अक्षरं मोठी करून ठेवलेली,
पन्नाशीच्या डोळ्यांसाठी, पट्टी जाईल तिथवर.

आणि मी यंत्राला काय सांगून ठेवलेलं?
जो अजून दिसला नाही, त्याची उंची अंदाजे चौसष्ट.
अंदाजपंचे दाहोदरसे.
न पाहिलेल्या माणसांना चौसष्टच्या खणात कोंबून
यादी स्वतःची लांबी छातीठोक सांगायची,
आणि बोट वरच्या बाजूला वळलं
की एकेक जण आपल्या खऱ्या उंचीने उभा राहायचा,
खालच्यांना ढकलत.

पहिल्या रात्री चुकीचंच दुरुस्त केलं.
मोजलेली उंची जपून ठेवली, पण क्रमांकाने.
सकाळी एकाची भेट पुढे ढकलली गेली
आणि थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर.
मग नावाने ठेवली.
मग कळलं, जखमांचे फोटो उशिरा येतात
आणि आल्यावर जागा मागतात;
त्यांच्यासाठी रिकामी चौकट आधीच धरली,
उशिराच्या पाहुण्याचं ताट झाकून ठेवावं तशी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी रात्रभर पाय मोजत होते.

शेवटी उरली एकच गोष्ट:
वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढची ओळ खिळ्याने ठोकायची.
वर कुणी वाढो, कुणी आक्रसो,
तेवढंच पान गुपचूप सरकवायचं,
ती ओळ जागची हलता कामा नये.

राइलीला पाठवलं.
उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला.

फेब्रुवारीत ती स्वतःच आली,
बूट दाराशी काढून, ओल्या मोज्यांनी.
"आउने गेली. मंगळवारी."
कॉफी ओतून घेतली. साखर शोधली, सापडली नाही.
"आज यादी उघडली. ती नव्हती,
आणि काहीच हललं नाही.
एइनोची ओळ होती तिथेच.
इतकं गुळगुळीत, की आधी कळलंच नाही मला."
दोष देत नव्हती. बशीत चमचा ठेवला, उचलला.

मी लॅपटॉप उघडला, दुसरं काही सुचेना म्हणून.
आउने, तीनशे बारा.
शेवटची मोजलेली उंची, नावासमोर, अजून तशीच.
गेलेल्यांची नोंद पुसायची
हे मी लिहायचंच विसरले होते.
"याला गळती म्हणतात आमच्यात," मी म्हटलं, "आज बुजवते."

"किती जागा खाते?"

"काहीच नाही. एक आकडा."

तिने खिडकीबाहेर पाहिलं,
बर्फ ढकलणारी गाडी मागे-पुढे करत होती.
"मग राहू दे की," म्हणाली,
आणि मांजराचं सांगू लागली. सापडलं होतं ते.