कोऱ्या पानाचे पैसे

ठाकुरद्वारला माळ्यावर माझं अक्षरजुळणीचं दुकान.
लग्नपत्रिका, पुण्यस्मरणं, देवळाच्या ट्रस्टचे अहवाल,
आणि एका मार्चमध्ये हरेश्वर अजिंक्य,
कापडी पिशवीत फुलस्केपचे तीन गठ्ठे घेऊन.
महापालिकेच्या सभागृहात एकतीस वर्षं लघुलेखक.
"चरित्र आहे," म्हणाले. "अमेरिकेचा सहावा अध्यक्ष.
छापणारं कोणी नाही. तुम्ही जुळवा तरी."

जॉन क्विन्सी ॲडम्स.
त्यातला ॲ माझ्या जुन्या फॉन्टमध्ये फुटायचा,
त्या जागी रिकामी चौकट.
पानागणिक सात-आठ चौकटी,
तितक्या वेळा मी त्या माणसाला हातानं दुरुस्त केलं.
अशीही ओळख होते.

बाप दुसरा अध्यक्ष. पोरगा चौदाव्या वर्षी रशियात,
अशा दूताचा दुभाष्या, ज्याला दरबारानं आत घेतलंच नाही.
रोज डायरी. पहाटे नदीत पोहणं,
कपडे सगळे काठावर.
इथे अजिंक्य अडले: दिगंबर लिहू, की नागवा?
मी म्हटलं, गिरगावात 'उघडा' पुरेल.
त्यांनी नागवा ठेवला.
अध्यक्ष आहे, म्हणाले, झाकायचं कशाला.

मग निवडणूक. बहुमत कोणालाच नाही,
सभागृहानं निवडलं, सौदा झाला म्हणून बोंब उठली.
"हे पान मला भाषांतरावं लागलंच नाही.
स्थायी समितीत दर वर्षी ऐकलंय."
रस्ते मागितले, कालवे, वेधशाळा;
आकाशातले दीपस्तंभ म्हणाला, लोक हसले.
चार वर्षांनी हरला.
"आमचं आडनाव अजिंक्य,
म्हणून हरलेल्यांशी आमचं पटतं."
हा त्यांचा एकुलता विनोद, मी दोनदा ऐकला.

चौदाव्या प्रकरणात मात्र अक्षरच बदललं त्यांचं.
देशाचा अध्यक्ष होऊन गेलेला माणूस
साधा खासदार होऊन परत येतो,
जसं कोणी माजी महापौरानं
पुढच्या खेपेला वॉर्डातल्या गटारासाठी उभं राहावं.
आणि तिथे गुलामीविरुद्धचे अर्ज
वाचायलाच बंदी.
त्या बंदीला तीन आठवडे मराठी शब्द मिळेना.
तोंडबंदी. वाचाबंदी. बोळा.
शेवटी 'मुस्कटदाबीचा ठराव',
कागदाच्या पाठीवर उमटेल इतका दाबून.
आठ वर्षं म्हातारा अर्ज घेऊन उठायचा,
खाली बस, खाली बस, ओरडायचे,
तो उठायचा.

त्या दुपारी वीज गेली होती.
अजिंक्य कोणी न विचारता बोलले:
एकदा, रात्री पावणेबाराला,
प्रसूतिगृह बंद करायचा ठराव.
द्वारका भोपी म्हणून एक अपक्ष बाई,
मागून 'नाही' म्हणाल्या. एकदाच.
माझ्या वहीत आहे ते, आडवी रेघ नि ठिपका.
इतिवृत्तात छापलं, एकमताने मंजूर.

"खोडलं कोणी?" मी विचारलं.

ते पिशवीचे बंद सोडत राहिले,
पुन्हा बांधत राहिले.

शेवटचं प्रकरण. अठराशे अठ्ठेचाळीसचा फेब्रुवारी.
मतदान चालू. म्हातारा मोठ्यानं 'नाही' म्हणतो,
थोड्या वेळानं बोलायला उठतो
आणि आपल्या बाकापाशीच कोसळतो.
काय बोलणार होता, ते कुठेच नाही.
"इथे एक पान कोरं सोडा."
मी सोडलं. प्रोग्रॅम ते गिळून टाकायचा,
पुढचा मजकूर वर सरकायचा, पुन्हा, पुन्हा.
शेवटी त्या पानाच्या मधोमध
मी एक टिंब ठेवलं, पांढऱ्या रंगाचं,
छापलं तरी दिसायचं नाही असं.
तेव्हा कुठे पान जागेवर थांबलं.
त्यांना सांगितलं नाही.

हिशेबाला बसलो. पानं दोनशे बारा.
"दोनशे अकरा धरते," मी म्हटलं, "कोऱ्याचे कसले पैसे?"
त्यांनी चष्मा काढला,
ते पान शोधून काढलं, त्यावर बोट टेकलं,
जवळजवळ टिंबावरच:

"याचे आधी घ्या."