दाब न देता

हर्णैच्या उपकेंद्रात खिडकीची काच मिठाने आंधळी.
आत एक टेबल, एक लाकडी खुर्ची,
दापोलीहून रिक्षात मांडीवर धरून आणलेलं सोनोग्राफीचं यंत्र
आणि जयवंती पावशे. वय आधी पन्नास सांगितलं,
मग म्हणाली, "पंचावन्न लिही, कागद सरकारी आहे."

चुंबळ डोक्यावरच होती. काढ म्हटल्यावर
तिने मांडीवर घेतली, ओली,
आणि मोजणी संपेपर्यंत कुरवाळत राहिली.

मी केस बाजूला करते. मानेचा पहिला मणका बोटाला लागत नाही,
दुसऱ्यापासून उतरायचं. तिसरा. इथे बोट नेहमी फसतं.
परत वर. चौथा.
तिथे निळ्या पेन्सिलीची रेघ.
जेल लावताच ती खांदे आक्रसते:
"बर्फातली सुरमई पाठीला लावलीस गो."

पडदा उजळतो. ती मान न वळवता,
डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते.
"हा तर आमच्या दिनूच्या होडीवर आहे. मासा दाखवणारा डबा."
खरंच आहे. कुणाला न ऐकू येणारा आवाज
खाली जातो, आपटतो, परत येतो.
तिकडे तळ लागतो, इकडे हाड.
तिकडे मध्ये बांगड्याचा घोळका,
इकडे काळसर, तिरक्या धाग्यांचा स्नायू.

शिकवताना आधी हेच सांगितलं होतं:
दाबू नका. दाबलात की स्नायू चपटतो
आणि आकडा खोटं बोलतो.
कातडी आणि प्रोबमध्ये जेलचा पदर दिसत राहिला पाहिजे.
चाळीस वर्षं पाटीखाली उभ्या असलेल्या मानेवर
मी माझ्या मनगटाचंसुद्धा वजन पडू देत नाही.
करंगळी तिच्या खांद्यावर टेकवून
हात अधांतरी.

सहा पूर्णांक चार मिलिमीटर.
उचलते, पुसते, पुन्हा ठेवते. सहा पूर्णांक दोन.
पुन्हा. सहा पूर्णांक पाच.

"किती वेळा मोजतेस?
मी पाटी उचलली की सांगते, चौदा किलो का सोळा."
"चुकत नाहीस कधी?"
"चुकते. पण कुठल्या बाजूला चुकते
ते मला ठाऊक असतं."

मग तन्वीर मुकादम आत येतो. माझी वही झाकलेली.
तोच मणका, तीच रेघ, त्याचा हात.
सात पूर्णांक एक.
ओट्यावर चहा निवत जातो, आम्ही भांडतो:
स्नायूभोवतीची पांढरी कड तो धरतो, मी सोडते.
दारातून जयवंती विचारते,
"बर्फासकट तोलायचं का बर्फ काढून,
हे लिलावाआधी ठरवायचं नाय?"

आम्ही नियम लिहिला: कड सोडून.

पुढल्या मंगळवारी बंदरावर बावटा. होड्या ओढलेल्या,
बैलगाड्या रिकाम्या, पुळणीवर नुसती कुत्री.
सहा दिवस तिच्या डोक्यावर काही चढलं नव्हतं.
मी मोजलं: सहा पूर्णांक एक.
तन्वीरने मोजलं: सहा पूर्णांक तीन.

"कमी झाली का वाढली?"

सहा दिवस मान विसावली म्हणून?
का आज माझा हात अर्ध्या केसाने सरकला?
की ती खुर्चीत जरा वेगळी बसली,
समुद्राकडे, कारण दिनू तिसऱ्या दिवशीही किनाऱ्याला नव्हता,
जयगडच्या खाडीत आसऱ्याला थांबलाय म्हणे?
चुकीपेक्षा लहान बदल हा बदल म्हणून सांगता येत नाही.
मी तेच सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "बरं. ठाऊक नाही म्हणालीस."
ते तिला आवडलं की नाही, कळलं नाही.

चुंबळ चढवली, रिकाम्या डोक्यावर, सवयीने.
मी मोजपट्टीसारखी सरळ मान
सुरूंच्या आड जाईपर्यंत बघत राहिले.
निळी रेघ पुसायची राहिली होती.