सातला दुखतं

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
खाली चष्म्याचं दुकान, वर पडद्यामागे एक पलंग,
त्यावर कागदी चादर, मी हलले की कुरकुरते.
नीलोफर मुकादम हातमोजे चढवते
आणि आधी विचारते, चालेल?

असं कुणी विचारलं नव्हतं.
पहिल्या वेळी तर नाहीच.
तेव्हा चौघी मिळून ओरडत होत्या, जोर लाव, जोर लाव,
मग कात्री, मग टाके,
मग वर्षभर बाकावर बसताना
एका अंगावर कललेली मी.

घड्याळ समजा, ती सांगते,
बारा पुढे, सहा मागे.
मी बोट ठेवीन तिथे कसं वाटतंय ते सांगा.
नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन.
तीनला काही नाही.
चारला ओढ.
पाचला जरा आग.
सातला
मी छताकडे पाहिलं. पंखा बंद होता.
सातला दुखतं, मी म्हणाले,
आणि माझं मलाच नवल वाटलं
की या दुखण्याला पत्ता आहे.

आमच्यात त्याला नाव नाही.
‘खाली’, ‘तिथं’, फार तर ‘बाईचं दुखणं’.
परवाच ओटी भरली माझी,
तांदूळ, नारळ, खण, हळकुंड,
पाच जणींनी पाच वेळा, मोजून.
ओटीच्या खाली काय आहे
याचा विषय एकीनेही काढला नाही.

झोळी आहे, नीलोफर म्हणते.
दोन हातांची ओंजळ करून दाखवते:
पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत टांगलेली.
तुमची आवळून बसलीये, मढवीताई.
काम काय करता?

कंडक्टर. घणसोली डेपो.
ती नुसतं हं म्हणाली,
जणू पुढचं तिला ठाऊक होतं:
पहाटेची ड्यूटी,
पनवेलला संडासाला कुलूप,
चावी कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला.
पाणीच प्यायचं नाही ही युक्ती
जुन्या बायांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेली.
बारा वर्षं धरून ठेवलंय मी.
लघवी, तोल, सुट्टे पैसे, तोंड.

श्वास खाली जाऊ दे, ती म्हणते. जबडा सैल.
जबड्याचा काय संबंध?
वरचं दार, खालचं दार, घर एकच ना.
आणि तिचं बोट सातवरच,
दाबत नाही, ढकलत नाही,
पायरी उतरणाऱ्या म्हातारीसाठी बस थांबते तसं.
कितव्या तरी श्वासाला काहीतरी सुटलं.
मोठं काही नाही.
ओहोटीला खाडीतली होडी चिखलावर टेकते, तेवढं.

नखं कापा. तेल चौतिसाव्या आठवड्यापासून,
रोज पाच मिनिटं. आरसा मात्र आजच.
आरशाला चार दिवस लागले.
पाचव्या दिवशी दाराला कडी लावून पाहिलं.
जुनी शिवण दिसली, पांढरट, तिरकी,
गोणीच्या तोंडाला घालतात तशी.
शिवणारा घाईत होता.
या वेळी टाके पडणारच नाहीत
असं नीलोफर म्हणत नाही.
म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

रजेआधीचा शेवटचा शनिवार.
तुर्भ्याच्या पुढे पेट्रोल पंप दिसला
आणि मी सिंगल बेल दिली.
स्टॉप नव्हता.
ड्रायव्हर जोमादादा आरशातून बघायला लागले,
मागून कुणीतरी, आता काय झालं?
दोन मिनिटं, मी म्हणाले,
तिकिटाचं मशीन त्यांच्याकडे देऊन
पोट सावरत उतरले.

परत आले तर बस तिथेच होती.
पुढच्या सीटवर एक बाई, मांडीवर मेथीची पिशवी,
माझ्याकडे बघत होती.
हळूच म्हणाली, बरं आहे का तिथलं?
आहे, जाऊन या.

डबल बेल
ती आल्यावर दिली.